छातीवरची जागा

सात अक्षरांचं नाव होतं ते.
इथे घेत नाही.
फुकटात जाहिरात कशाला,
आणि आता तर कायद्यालाही चालत नाही.

एकशे ऐंशी शर्ट. पिवळे, गळ्याला काळी पट्टी.
राखीव संघाचे, जुने. नवे घ्यायला पैसे नाहीत,
पैसे त्या सात अक्षरांचेच होते.
स्टेनडामच्या मैदानाखाली, धुलाईच्या खोलीत
मी, तापलेली प्रेस,
आणि पावाला लोणी लावायची बोथट सुरी.
दाब द्यायचा, चौदापर्यंत मोजायचं,
कोपरा नखाने उचलायचा
आणि भिंतीचा पोपडा सोलावा तसं, बेताने.
डिंक राहतो. स्पिरिटने तोही जातो.
जागा जात नाही.
तीन उन्हाळे खाऊन भोवतीचं पिवळं विटलं,
अक्षरांखालचं तेवढं कोरं करकरीत.
लांबून बघा, नाव अजून वाचता येतं.

सचिव फानहाउटे कागद घेऊन खाली आले होते.
छातीवर नको. बाहीवर नको.
मैदानाभोवतीच्या फळ्यांवर नको.
पाठीवर, मानेखाली, तळहाताएवढं
आणखी थोडे दिवस चालेल.
कुणाचा तळहात, मी विचारलं.
ते हसले नाहीत.
म्हणाले, आर्लेट, ही प्रेस कुणाच्या पैशातून आली?
खरंच आहे.
माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची भरपगारी रजाही
त्याच पैशातून आली.

लहान मापांवर मात्र ते नाव कधीच नव्हतं.
तो नियम आधीपासूनचा. पोरांची छाती मोकळी.
म्हणून तर माझा सेप्पे, नऊ वर्षांचा,
जेवण टाकून बसला होता:
हा खरा शर्ट नाही, आई.
आठ नंबरवाल्याच्या छातीवर आहे, माझ्या नाही.
शाळेत हसतात.
उरल्या अक्षरांचा ताव माझ्या खणात होता.
एका रविवारी, इथे कुणी नसताना,
मीच लावली. सात.
फूटपट्टी धरून, एका रेषेत.
चौदापर्यंत मोजलं.
संध्याकाळभर तो आरशापुढून हलेना,
आणि मला, खोटं कशाला बोलू,
फार बरं वाटलं.

आता तो चोवीसचा आहे.
सामना बघत नाही.
कॉर्नर किती पडतील ते बघतो,
पुढचं पिवळं कार्ड कुणाला,
आणि रात्री दोन वाजता
कुठल्याशा देशातल्या, नाव न उच्चारता येणाऱ्या
दोन गावांपैकी थ्रो-इन कुणाचा.
आमचा गोल झाला की सगळं स्टँड उठतं,
त्याची मान खाली जाते, फोनकडे.
आधी गाडी गेली, मग लॉटे गेली.
जानेवारीत माझ्या कपाटात
त्याच्या आजोबांच्या घड्याळाएवढी गोल जागा दिसली,
भोवती धूळ, मध्ये लख्ख लाकूड.
मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.
दोघांनी मिळून बटाटे सोलले.

शनिवारी दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये
चारेकशे माणसं तेच नाव छातीवर घेऊन ओरडतील.
त्यांनी शर्ट विकत घेतलेत, घरी धुतलेत;
फानहाउटेंचा कागद तिथवर पोचत नाही.
फ्रिटच्या गाडीवरचा म्हातारा उर्बानही तोच घालतो,
त्याने जन्मात एक युरो लावला नाही.
त्याला मी काय सांगू.

एकशे ऐंशी झाले. सही केली, वेळ टाकली.
दार लावून घेतलं.
पिशवीतून एक शर्ट काढला,
माप एकशे चौतीस.
हा क्लबच्या यादीत नाही.
कुठल्या कलमातही बसत नसावा.
लावताना मला कुणी सांगितलं नव्हतं,
काढायलाही कुणी सांगितलेलं नाही.
प्रेस अजून गरम आहे.
आठ. नऊ. दहा.
वाफेतून अक्षरं दिसतायत, जराही न हललेली.
किती सरळ लावली होती मी.